आंब्याच्या फळीवरचा हिंगूळ

जुन्या लाकडी सामानाचा खरेदीदार घरात आला की पहिल्यांदा वस्तू उचलून बघतो. जड लागली तर तिच्याभोवती फिरतो, हलकी लागली तर लगेच खाली ठेवतो. मग किल्लीच्या टोकाने एका कोपऱ्यातला रंग खरवडतो. आत सागाच्या रेषा दिसल्या तर भावाची बोलणी सुरू होतात. आंबा, फणस किंवा पांगारा निघाला तर तो चहा पिऊन उठतो. पनवेलमध्ये आणि आसपासच्या गावांत कौलारू घरं पाडायला निघाली तेव्हापासून हे मी कितीतरी घरांच्या ओटीवर पाहत आले आहे. खरवडलेला रंग जमिनीवर पडतो आणि केराबरोबर बाहेर जातो. या घरात जे खरोखर या घराचं होतं, त्यातलंच काहीतरी आत्ता सुपलीत भरून गेलं, असं मला दर वेळी वाटतं.

रंगवलेलं लाकूड ही मोठ्या घरची वस्तू नव्हती. ज्यांच्याकडे सागाचे खांब, सागाचा झोपाळा, शिसवी पलंग होता, त्यांना रंगाची गरजच नव्हती. ते लाकडाला तेल पाजत, पॉलिश करून घेत आणि त्याची अंगची नक्षी मिरवत. रंग लागायचा तो बाकीच्यांना. पनवेलच्या चारी बाजूंना डोंगर आणि जंगल असूनही साग साध्या माणसाच्या हाताला लागत नव्हता. 1878च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली आणि घराला लागणारा वासासुद्धा परवानगीचा विषय झाला. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर लोक जंगलाचा कायदा मोडायला कोयते-कुऱ्हाडी घेऊन गेले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, गावोगावची माणसं मेली, पनवेलचे मामलेदार जोशीही त्यात गेले. स्वातंत्र्यलढ्याचं एक पान म्हणून आपण तो दिवस स्मरतो, ते योग्यच आहे. पण त्या पानावर नांगराचं लाकूड, आढ्याचं लाकूड, चुलीचं जळण हेही लिहिलेलं आहे, आणि माझ्या दृष्टीने पाळण्याची फळीसुद्धा.

म्हणून मग दारचा आंबा वादळात पडला की त्याच्या फळ्या पाडून माळ्यावर वाळत टाकायच्या. बांधावरचा फणस, कुंपणाचा पांगारा, कुठे शिवण. ही लाकडं हाताशी होती, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांचा निभाव लागत नाही. चार महिने घरात ओल असते. आंब्याची उघडी फळी काळी पडते, तिला भुंगा लागतो, वाळवी लागते. तिला अस्तर हवं, वर रंग हवा, त्यावर लाखेचं रोगण हवं. रंग आधी लाकडाचा जीव वाचवायला आला आणि एकदा आला म्हटल्यावर बाईमाणसाच्या डोळ्यांना त्यावर एखादं फूलही हवंसं वाटलं. जगात इतरत्रही असंच झालेलं दिसतं. स्वीडनमध्ये, बव्हेरियात शेतकऱ्यांची घरं पाइनच्या स्वस्त लाकडाची असत. उमरावांच्या घरातल्या महागड्या जडावकामाची हौस ते रंगाने भागवत. नवरीच्या पेटीवर फुलं काढत, तिचं नाव आणि लग्नाचं वर्ष घालत. तिथे आर्टुर हाझेलियस नावाच्या माणसाला हे सगळं नाहीसं होण्याआधी गोळा करावंसं वाटलं. 1873मध्ये त्याने स्टॉकहोममध्ये संग्रह मांडला आणि 1891मध्ये स्कान्सेनच्या टेकडीवर शेतकऱ्यांची घरंच्या घरं आणून उभी केली. चिरनेरचा माळ आणि स्टॉकहोमची टेकडी एका लेखात आणताना मला संकोच वाटत नाही. गरिबाच्या लाकडावरचा रंग दोन्हीकडे एकाच कारणाने आला होता.

आमच्या घरी असे दोन पाट होते, फडताळाच्या मागे उभे करून ठेवलेले. रोजच्या जेवणाचे पाट वेगळे, ते बिनरंगाचे, धुऊन धुऊन पांढुरके झालेले. हे दोन मात्र हिंगुळी रंगाचे. कडेने पिवळी पट्टी, तिच्या आत काळी बारीक रेघ, चार कोपऱ्यांत कमळं आणि कमळांना जोडणारी वेल. मधला भाग कोरा तांबडा होता. तिथे माणूस बसणार, तिथे नक्षी काढून उपयोग काय, असा त्यामागचा विचार असणार. बसण्याने मधला रंग विरलेला होता आणि कडेची वेल शाबूत होती. आळीत कुणाकडे लग्न, मुंज, डोहाळेजेवण निघालं की पाट मागायला यायचे. आमचे पाट जायचे, परत यायचे. ते बदलू नयेत म्हणून खालच्या बाजूला, दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये, पांढऱ्या रंगाने आजोबांची आद्याक्षरं घातलेली होती. मी लहानपणी पाट उलटे करून कुणाकुणाची अक्षरं आहेत ते बघायची. एका पाटावर आद्याक्षरांच्या शेजारी तारीखही होती, ती कशाची ते घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. आजीने तेवढ्यासाठी तो पाट कधी नव्याने रंगवू दिला नाही.

त्या काळी घरात जमिनीवरचं आयुष्य होतं. जेवण खाली, झोप खाली, दळण खाली, पूजा खाली. म्हणून बोटभर उंचीच्या पाटालाही मान होता. पाटपाणी झालं की माणसं आपसूक आत यायची. जावयाला बसायला पाट, टेकायला पाट. हळद लागायची पाटावर, गौरीहर पुजायला नवरी बसायची पाटावर, मुंजीचा बटू पाटावर, गणपती वाजतगाजत यायचे ते पाटावरून आणि मखरात चौरंगावर बसायचे. पनवेलच्या भोवतालच्या आगरी गावांत लग्नाचे विधी धवलारीण करायची, धवळे गात गात. तिच्या समोर नवऱ्यामुलाला बसवायचा पाटही असाच घराघरांतून मागून आणलेला असायचा. आज यातला प्रत्येक प्रसंग होतो, थाटात होतो. नवीन पनवेलच्या किंवा खांदा कॉलनीच्या हॉलमध्ये सजावटवाला पाट आणतो, त्यावर मखमल आणि सोनेरी लेस चिकटवलेली असते, दोन तासांनी तो पुढच्या लग्नाला जातो. मला त्या सजावटवाल्याबद्दल तक्रार नाही, त्याचं काम तो चोख करतो. पण त्या पाटाखाली कुणाची अक्षरं नसतात. आमच्या पाटावर आळीतल्या किती मुली बसून सासरी गेल्या ते आजीला तोंडपाठ होतं आणि त्या माहेरपणाला आल्या की तिला भेटून जात.

पाळण्याचं तर त्याहून मोठं. तो क्वचितच एका घराचा असायचा. बाळंतपण जवळ आलं की ‘अमक्यांचा पाळणा चांगला आहे’ असं म्हणून निरोप जायचा. चांगला म्हणजे ज्यात वाढलेली मुलं जगली, धडधाकट झाली तो. बालमृत्यू घरोघरी होते तेव्हा या बोलण्याला किती वजन होतं ते आज कळणार नाही. आमच्या आजोळी, आपट्याच्या बाजूला, एक पाळणा होता. त्याचे दांडे कातलेले, एकाआड एक तांबडे, पिवळे, हिरवे कडे असलेले. वरच्या आडव्या दांडीला लाकडी पोपट टांगलेले, त्यांच्या चोचीवरचा रंग पोरांनी चोखून चोखून गेलेला. तो पाळणा गावभर फिरायचा. परत पाठवताना रिकामा पाठवायचा नाही, नारळ घालून पाठवायचा. रिकामा हलवायचा तर मुळीच नाही. बारशाला आधी वरवंट्याला, म्हणजे गोप्याला, त्यात निजवायचं, पाळण्याखालून वरून बायका त्याला एकमेकींच्या हाती द्यायच्या, मग मूल घालायचं. बाळंतिणीच्या खोलीत शेकशेगडी असायची, ओव्याची, वावडिंगाची धुरी असायची. त्या धुराने पाळण्याचा पिवळा रंग मधासारखा झाला होता. कारखान्यात तो रंग मिळत नाही. घरातल्या बाळंतपणांनी तो दिलेला होता.

आज बाळंतपण इस्पितळात होतं, बाळंतीण आणि मूल दोघं सुखरूप घरी येतात. यापुढे मला जुन्या काळाची एकही गोष्ट मोठी वाटत नाही. पाळणा आज घडीचा असतो, धातूचा, जाळीचा, काही महिन्यांनी माळ्यावर जातो किंवा विकला जातो. मूल त्यात तितकंच छान झोपतं. फरक मुलाला पडत नाही. चार घरांनी एक वस्तू वापरताना त्या घरांमध्ये जे जाणं-येणं राहायचं, ते मात्र कमी झालं.

हे पाट, पाळणे, चौरंग, पांगुळगाडे, ठक्या, भातुकल्या यांचं माहेर बहुतांशी दक्षिणेकडे, सावंतवाडीला. वेंगुर्ल्याहून बोटीने मुंबईला माल यायचा, पुढे मुंबई-गोवा रस्त्याने एसटीच्या टपावर बांधून यायचा. पनवेल त्या रस्त्याच्या तोंडाशी. गिरणीतून सुट्टीवर गावी गेलेला माणूस परतताना मुलीसाठी भातुकली आणि बायकोच्या हट्टापायी एखादा पाट घेऊन यायचा. सावंतवाडीची चितारआळी मी पुढे मोठेपणी पाहिली. तिथल्या चितारी घराण्यांनी खेमसावंतांच्या राजवटीपासून हे काम केलं. गंजिफांचे गोल पत्ते करणारे हात आणि पाट रंगवणारे हात तेच. गंजिफा करायची रीत ऐकली की या कामातला धीर कळतो. आधी कापडाचे थर, त्यांना चिंचोक्याची खळ, त्यावर खडूचं अस्तर, मग गुळगुळीत दगडाने घोटाई, मग रंग, शेवटी लाखेचा हात. दशावतारी गंजिफांचा एक संच 120 पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. हिंगुळाचा तांबडा, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा, काजळाचा काळा. ज्या माणसाने तळहाताएवढ्या पत्त्यावर मत्स्य आणि कूर्म काढले आहेत, त्याला पाटाच्या कोपऱ्यातलं कमळ काढायला पट्टी-पेन्सिल लागत नसे. ब्रश टेकवायचा आणि पाकळी संपली की उचलायचा. जुन्या पाटावर नीट पाहिलं तर चारही कोपऱ्यांतली कमळं सारखी नसतात. एखाद्यात एक पाकळी जास्त असते.

कातलेल्या वस्तूंवरचं लाखकाम निराळं. कातारी लाकूड चरकावर फिरवतो आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडाच्या अंगावर चढते. त्यात ब्रश नाही, वाळवणं नाही, रंग आणि चकाकी एकदमच. पाळण्याचे दांडे, पोळपाट-लाटण्याची भातुकली, भोवरे असे रंगायचे. तो रंग वर्षानुवर्षं फिका होत नाही. त्याला भीती दोनच गोष्टींची, उष्णतेची आणि स्पिरिटची.

पनवेलच्या सुताराला लाखकाम येत नसे, पण लाकूड त्याच्या बोटांत होतं. बोरघाटातून उतरणारा देशावरचा माल पनवेलच्या बंदरात यायचा आणि खाडीतून होडीने मुंबईला जायचा. बैलगाड्यांची रीघ लागलेली असायची. त्यामुळे गाडीची चाकं बनवणं हा इथला नावाजलेला धंदा झाला. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांत पनवेलच्या चाकांची मुद्दाम नोंद आहे. 1863मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली आणि ती कर्जतवरून गेली, पनवेल बाजूला पडलं, बंदराचा व्यापार ओसरला. चाकांचे कारागीर मात्र लगेच संपले नाहीत. तुंबा कातणारा, आरे बसवणारा, धाव चढवणारा माणूस पावसाळ्यात रिकामा असे, तेव्हा तो घडवंच्या, फडताळं, देव्हारे करायचा. त्यांवर रंग चढायचा तो गेरूचा, क्वचित तेलात खललेला हिरवा. नक्षी म्हणाल तर दोन मोर, एक कुंडी, सूर्य-चंद्र. सावंतवाडीची नजाकत त्यात नव्हती. आमच्या घरच्या घडवंचीच्या पट्टीवर असे दोन मोर होते. एकाची मान जरा आखूड झाली होती, कारण पुढे फळीच संपली होती. पाण्याच्या हंड्यांची ती घडवंची ओलीने गेली. तिचा एकही फोटो नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

पुढे ऑइलपेंट आला आणि सगळं सोपं झालं. डबा उघडा, ढवळा, लावा. हरताळ आणि हिंगूळ खलत बसायला नको. दर दिवाळीला दारं, खिडक्या, कपाटं एकाच निळ्या किंवा हिरव्या डब्यातून रंगू लागली. जुन्या वेली त्या निळ्या रंगाखाली गेल्या. पण गंमत अशी की लोकांची फुलांची हौस काही मेली नाही, ती लाकडावरून पत्र्यावर गेली. माझ्या आईच्या पिढीतल्या नवऱ्यामुलींच्या रुखवतात पत्र्याची पेटी असायची. काळा किंवा हिरवा रंग आणि झाकणावर गुलाबांचा गुच्छ, राजहंस, कधी डोंगरामागून उगवणारा सूर्य. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटरच ती रंगवायचा. एका बाजूला नवरीचं नाव, सासरच्या आडनावासह. लोक या पेट्यांना कला मानायला तयार नसतात. मला त्या मनापासून आवडतात. पांगाऱ्याच्या पाटावरचं कमळ आणि पत्र्याच्या पेटीवरचा गुलाब यांच्यात नातं आहे. स्वस्त वस्तू आहे, पण मुलगी आपली आहे, तेव्हा तिच्यावर एक फूल तरी असू दे, हीच त्या दोन्हींमागची माया.

मग घरंच बदलली. 1970मध्ये सिडको स्थापन झाली. पुढच्या काही दशकांत खाडीकाठची शेतं, मिठागरं, गावं नव्या शहरात मिसळत गेली. गोदरेजचं कपाट आधीच आलं होतं, मागोमाग प्लायवूड आणि सनमायका आला. 2016मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, ओवळे, वाघिवली, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी ही गावं हलली. लोकांना वडघर-करंजाडेच्या बाजूला भूखंड मिळाले, तिथे चार-चार मजल्यांची घरं उभी राहिली. गावं रिकामी होत होती त्या दिवसांत मी तिकडे गेले होते. माणसं आपली घरं आपल्या हातांनी उतरवत होती. कौलं वेगळी, वासे वेगळे, दारं वेगळी. टेम्पोवाला सगळं घ्यायचा, पण सागाच्या चौकटीसाठी थांबायचा आणि रंगीत सामान ‘जळणाला ठेवा’ म्हणायचा. एका घरासमोर पाळण्याचा सांगाडा पडलेला होता, हिरव्या ऑइलपेंटचा. जिथे पोपडा उडाला होता तिथे आतला लाखेचा पिवळा-तांबडा कडा दिसत होता. त्या घरची आजी म्हणाली, ‘नव्या घरात त्याला कडी लावायला जागा नाही.’ सिमेंटच्या छतात कडी लागत नाही असं नाही, पण तिच्या बोलण्याचा अर्थ वेगळा होता. त्या घरात ओटी नव्हती, माजघर नव्हतं, बाळंतिणीची खोली नव्हती. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या गावांतल्या काही मुलांना तिथे नोकऱ्या लागल्या तर मला आनंदच आहे. आंब्याच्या फळीसाठी विमानतळ अडवावा असं मी म्हणणार नाही. गावं हलत असताना घरोघरी फिरून वस्तूंची साधी नोंद करायला एक माणूस नेमला असता तर चाललं असतं, एवढं मात्र म्हणेन.

सागाच्या ज्या वस्तू वाचल्या त्यांचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. त्या मुंबईला गेल्या, चोरबाजारात, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात. तिथे त्यांना कॉस्टिक सोड्याने धुतात, पॉलिश पेपर मारतात, सगळे थर उतरवून लाकूड उघडं करतात. गिऱ्हाइकाला जुनं सागवान दिसायला हवं असतं. दुसऱ्या तऱ्हेच्या गिऱ्हाइकाला रंग उडालेलंच हवं असतं, मग नव्या लाकडावर रंग देऊन तो मुद्दाम घासून उडवतात. पहिल्या प्रकारात घराचे थर जातात, दुसऱ्यात जे घर कधी नव्हतंच त्याचे थर तयार होतात. बाजाराला मी वाईट म्हणत नाही. बाजार नसता तर त्या चौकटीही चुलीत गेल्या असत्या. परंतु लाकडाची किंमत करणारा बाजार रंगाची किंमत करायला शिकला नाही, आणि ज्या वस्तूंचं सगळं मोल रंगातच होतं त्या आंब्या-पांगाऱ्याच्या वस्तू या बाजाराच्या दारातही पोचल्या नाहीत. आज पनवेल तालुक्यात जुना रंगीत पाट शोधायचा तर तो दुकानात सापडणार नाही. एखाद्या म्हातारीच्या पलंगाखाली सापडेल.

दोन ठिकाणी मात्र वेगळं घडलं. पुण्यात दिनकर केळकर आयुष्यभर गावोगाव फिरत राहिले. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारलं. दिवे, अडकित्ते, दारं, खेळणी, स्वयंपाकघरातली साधनं, असं लोकांनी टाकून दिलेलं सगळं गोळा केलं आणि 1975मध्ये तो संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. दुसरं ठिकाण सावंतवाडी. विसाव्या शतकाच्या मध्यावर गंजिफांची कला जवळजवळ विझली होती. पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कलावंत ती जाणत होते. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्यापुढे बसून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कामाला जागा करून दिली. आजही राजवाड्यात गेलं तर माणसं पाटावर, पत्त्यावर, पेटीवर ब्रश चालवताना दिसतात. राजघराण्याने स्वतः शिकावं ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आश्रय देणं सोपं असतं, पण समोर मांडी घालून पाकळी काढायला शिकणं सोपं नाही. या गंजिफांना आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हल्लीच्या कामात पोस्टर कलर आणि तयार रंग आले आहेत, तांबडा थोडा जास्तच भडक वाटतो. तरी हात तोच आहे, कमळ अजून पट्टी न लावता निघतं.

पनवेलची नगरपालिका 1852ची, महाराष्ट्रातल्या जुन्यांपैकी एक होती. इतक्या जुन्या गावाला आपल्या घरगुती वस्तूंसाठी एक खोली असावी, ही माझी इच्छा आहे आणि मी ती भेटेल त्याला सांगत असते. शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं घर लोक आदराने पाहायला जातात. तिथे क्रांतिकारकाची आठवण आहे, ती असलीच पाहिजे. त्या काळच्या इथल्या साध्या घरांत काय होतं, तेही कुठेतरी दिसावं. त्यासाठी मोठी इमारत नको. दहा-बारा पाट, दोन पाळणे, एक पत्र्याची पेटी, एक गाडीचं चाक आणि प्रत्येकाखाली कोणत्या गावातून आलं याची चिठ्ठी. वस्तू द्यायला लोक तयार होतील. त्यांना फक्त ठेवायला जागा नाही.

तोवर ज्यांच्या घरी असं काही उरलं आहे त्यांना माझं सांगणं आहे. त्याला पॉलिश पेपर लावू नका, सोडा लावू नका. ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. हात स्वच्छ करायचं सॅनिटायझर, स्पिरिट, अत्तर जवळ नेऊ नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि एका पुसण्यात कमळ जातं. वरून व्हार्निश मारू नका, ते पिवळं पडतं आणि पुढे काढताना खालचा रंग घेऊन जातं. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. भुंग्याचा पिठासारखा भुसा दिसला तर ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा आणि जाणत्या माणसाला दाखवा. उलट बाजूला काही अक्षरं असतील तर त्यांचा फोटो काढा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला ती कुणाची ते आजच विचारून लिहून ठेवा. रंग फारच गेला असेल आणि वस्तू पुन्हा वापरायची असेल तर इथल्या फर्निचरवाल्याकडे देण्याआधी सावंतवाडीच्या चितारआळीत विचारून पाहा. रात्री कोकणकन्या पनवेलला थांबते, सकाळी सावंतवाडी रोडला उतरता येतं. जाताना पाट सोबत घेऊन जा, नुसत्या फोटोवरून त्यांना तांबडा जुळवता येणार नाही.